तो पोशाख शिवला कोणी?

(कृष्णधवल छायाचित्र. कॅमेरा खांद्यांवरून हळूहळू खाली.)

जुलै 1939. न्यूयॉर्कमध्ये विज्ञानकथेच्या चाहत्यांचं पहिलं जागतिक संमेलन भरलंय. माणसं दोनशेच्या आसपास, त्यात तरुण पोरांचाच भरणा. आणि त्या गर्दीत हे दोघं असे अवतरले: भविष्यातल्या माणसांच्या वेशात.

हा बावीस वर्षांचा फॉरेस्ट अ‍ॅकरमन. पुढे त्याचं नाव खूप गाजलं, त्यामुळे या फोटोत लोक आधी त्यालाच ओळखतात. पण ज्या पोशाखामुळे तो उठून दिसतोय, तो बेतला आणि शिवला शेजारच्या मर्टल डग्लस यांनी. स्वतःचाही त्यांनीच शिवला.

(जुन्या मासिकांची मुखपृष्ठं.)

प्रेरणा होती ही चित्रं. चित्रकार फ्रँक पॉल. शिवाय 1936 चा 'थिंग्ज टू कम' हा चित्रपट. आता चित्रावरून कपडा शिवायचा म्हणजे काय, ते शिवणाऱ्यालाच विचारा. चित्रात माणूस एका बाजूनं दिसतो. पाठीवरची शिवण चित्रकाराला काढावी लागत नाही. शिवणाऱ्याला ती घालावीच लागते. माणसाला त्यात बसता यायला हवं, जिना चढता यायला हवा.

(लॉस एंजेलिस, ब्रॉडवे. क्लिफ्टन्स कॅफेटेरियाची दर्शनी बाजू.)

हे दोघं लॉस एंजेलिसच्या विज्ञानकथा-चाहत्यांच्या मंडळातले. हे मंडळ 1934 साली सुरू झालं, सायन्स फिक्शन लीग या चाहत्यांच्या संघटनेची शाखा म्हणून. सभा गुरुवारी, इथे. खिशात पैसे नसले तरी या कॅफेटेरियात कोणाला उपाशी परत पाठवत नसत. पुढे विज्ञानकथालेखक म्हणून गाजलेला, तेव्हा शाळकरी असलेला रे ब्रॅडबरी 1937 मध्ये इथलाच सभासद झाला. मर्टलबाई सुरुवातीच्या सभासदांपैकी. अ‍ॅकरमनशी त्यांची गाठ पडली ती एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेमुळे. मंडळात त्यांना 'मोरोजो' म्हणत.

(सायक्लोस्टाइल यंत्र, अगदी जवळून.)

हे यंत्र आपल्याकडे शाळेच्या प्रश्नपत्रिकांमुळे अनेकांना आठवत असेल. टाइपरायटरची रिबन बाजूला करायची आणि मेणाच्या स्टेन्सिलवर नुसतीच अक्षरं उमटवायची. बोट जास्त जोरात पडलं, तर 'ओ'च्या पोटातला गोल तुटून पडतो आणि कागदावर काळा ठिपका येतो. बोट हलकं पडलं, तर अक्षर उठतच नाही. चूक झाली की त्यावर द्रावण लावा, वाळू द्या, पुन्हा टाइप करा. मग स्टेन्सिल रुळावर ताणून बसवायची आणि दांडा फिरवत राहायचं. पुढे कागद जुळवणं, टाचणं, तिकिटं चिकटवणं आलंच.

'व्हॉइस ऑफ द इमॅजि-नेशन' हे वाचकांच्या पत्रांचं नियतकालिक मर्टलबाई आणि अ‍ॅकरमन 1939 पासून 1947 पर्यंत अशाच यंत्रावर काढत होते. चाहत्यांची चळवळ म्हणतात ती अशा कामावर उभी राहते. भाषणं नंतर.

(बेडकाचा मुखवटा.)

1941, डेन्व्हरचं जागतिक संमेलन. या मुखवट्यामागे मर्टलबाई आहेत. मुखवटा मात्र त्यांचा नाही. तो बनवला रे हॅरीहाउसेननं, वय एकवीस. चित्रपटातले राक्षस पुढे यानंच हलते केले. श्रेय ज्याचं त्याला.

1940 च्या शिकागो संमेलनात वेशभूषेचा खास कार्यक्रम ठेवला गेला आणि पुढे ती प्रथाच पडली. मर्टलबाई 1964 मध्ये वारल्या.

(मुंबई, कॉमिक कॉन.)

कॉस्प्ले, म्हणजे आवडत्या पात्राचा वेश, करणारी ही मुलं. फोमची चिलखतं, रंगवलेली पुठ्ठ्याची हत्यारं. शिलाई बऱ्याचदा घरच्याच कोणाची तरी.