व्हॅनमधली छोटी टाकी

(दृश्य: व्हॅनचं मागचं दार उघडं, शेगडीवर चहा, खाली लाल टाकी)

व्हॅन बघायला येणारा माणूस आधी पलंग बघतो, मग सिंक बघतो आणि मग खाली वाकून टाकीकडे बघत विचारतो, हिच्यात गॅस कुठून भरता, घरीच भरता का? पुढचं वाक्य पण ठरलेलं असतं, आमच्याकडे एक जण आहे तो घरच्या मोठ्या सिलेंडरमधून काढून देतो, स्वस्तात पडतं.

पहिलं वर्ष आम्ही पण तेच केलं. बिनानावाची ३ किलोची टाकी, वरच बर्नर बसवलेला, संपली की एका दुकानात न्यायची, तो आतल्या खोलीत घेऊन जायचा आणि दहा मिनिटांत भरलेली हातात द्यायचा. मे महिन्यात दापोलीकडे होतो, व्हॅन उन्हात लावलेली, आम्ही झाडाखाली जेवत होतो, परत येऊन दार उघडलं तर गॅसचा भपकाच अंगावर आला. व्हॉल्वच्या बुडातून फसफस चालू होती. बायको ओरडली, बटणाला हात लावू नकोस, आणि तिचं ऐकलं म्हणून बरं, कारण माझा हात पंख्याच्या बटणाकडेच गेला होता. दारं सगळी उघडी टाकली, लांब जाऊन उभे राहिलो, तासभर कोणी जवळ गेलं नाही.

परत आल्यावर त्या दुकानात विचारलं, किती भरला होतात? तर त्याच्याकडे काटाच नव्हता. वरून गॅस उडायला लागला की टाकी भरली, एवढाच त्याचा हिशोब. आणि सगळी गोम इथेच आहे.

(दृश्य: टाकीचं कापलेलं चित्र, खाली द्रव, वर मोकळी जागा)

टाकीत गॅस द्रवरूपात असतो. घरच्या सिलेंडरमध्ये ३३.३ लिटर पाणी मावेल एवढी जागा असते आणि गॅस भरतात १४.२ किलो, म्हणजे द्रव साधारण २६ लिटर. उरलेली जागा मुद्दाम सोडलेली असते. एलपीजी तापला की पाण्यापेक्षा कितीतरी पटीने फुगतो, त्याला फुगायला ती जागा लागते. सकाळी गारव्यात गच्च भरलेली टाकी दुपारी उन्हात तापलेल्या पत्र्याच्या गाडीत ठेवली की जागा संपते, आणि द्रव काही दाबला जात नाही, मग सगळा जोर पत्र्यावर आणि व्हॉल्ववर. कंपनीच्या प्लांटमध्ये प्रत्येक टाकी काट्यावर भरतात, परत तपासतात, ते याच्यासाठी. घरी डोळ्याने भरणाऱ्याला ती मोकळी जागा दिसतच नाही हो.

ट्रेकवाले वापरतात ते २३० ग्रॅमचे स्क्रूवाले डबे तर एकदाच वापरायचे म्हणूनच बनवलेत, पत्रा पातळ असतो. एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन या दोन वायूंचं मिश्रण. त्यातले काही डबे ब्युटेन जास्त असलेल्या मिश्रणासाठी असतात आणि घरच्या गॅसमध्ये प्रोपेन पण असतो, ४० अंशाला प्रोपेनचा दाब ब्युटेनच्या तिपटीहून जास्त. सिलेंडरमधून डबा भरायचा अडॅप्टर ऑनलाइन मिळतो म्हणून डबा ते सहन करेल असं नाही. अमेरिकेत तर १ पौंडाच्या प्रोपेन डब्यावर छापलेलंच असतं की परत भरून वाहतूक केली तर दंड आणि तुरुंग, आणि रिकाम्या डब्यांचा ढीग इतका झाला की कॅलिफोर्नियाने २०२८ पासून असे एकदाच वापरायचे डबे विकायला बंदी घातलीय, परत भरता येणारे चालतील. म्हणजे परत भरण्याला विरोध नाहीये, त्यासाठी बनवलेली टाकी आणि भरायची नीट सोय पाहिजे.

आपल्याकडे एका सिलेंडरमधून दुसऱ्यात गॅस काढायला २००० सालच्या एलपीजी आदेशाने मनाई आहे. गाडीत लपवून नेलेला गॅस काय करतो तेही बघितलंय आपण, २६ ऑगस्ट २०२३ ला मदुराईला उभ्या असलेल्या पर्यटकांच्या रेल्वे डब्यात सिलेंडरमुळे आग लागली, ९ माणसं गेली. चहा करायला नेलेला सिलेंडर होता तो. मला ते वाचून दापोलीच आठवलं.

(दृश्य: पेट्रोल पंपावर टाकी बदलणं)

मग करायचं काय, तर ५ किलोची टाकी सरळ कंपनीची घ्यायची. इंडेनची छोटू, भारतगॅसची मिनी, एचपीची अप्पू. पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र दाखवलं की मिळते, रिकामी दिली की भरलेली घ्यायची, बऱ्याच पंपांवर आणि काही किराणा दुकानांत पण असते. किलोमागे घरगुतीपेक्षा महाग पडते हे खरंय, पण आम्हा दोघांना एक टाकी तीन आठवडे जाते, त्यात किती वाचवणार?

घेताना वरच्या पट्टीवरचा शिक्का बघा, ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, असं डी पर्यंत, पुढे वर्ष. टाकीची पुढची तपासणी कधी करायची त्याची ती तारीख, ती उलटून गेली असेल तर टाकी घेऊ नका.

व्हॅनमध्ये टाकीचा कप्पा वेगळा केलाय आणि त्याच्या तळाला भोक पाडलंय थेट रस्त्याकडे उघडणारं, कारण हा गॅस हवेपेक्षा जड, गळला की वर जात नाही, जमिनीलगत साठतो आणि हवेत २ टक्के झाला तरी ठिणगी पुरते. गॅस गळला की वाजणारा डिटेक्टर पण म्हणूनच पायाशी लावलाय. टाकी बदलली की जोडावर साबणाचं पाणी, बुडबुडा आला तर शेगडी पेटवायची नाही.

(दृश्य: हातात धरलेला ताणकाटा, त्याला लटकलेली टाकी)

आणि हा ताणकाटा. निघायच्या आधी बायको टाकी अडकवते आणि त्यावर छापलेलं रिकामं वजन वजा करते. आज उरलाय १ किलो ९०० ग्रॅम. गुहागरला पोचून परत येईपर्यंत पुरेल, ती म्हणते, भात रोज लावला नाही तर.