बॉम्बे स्कूलचा रस्ता पाचोऱ्यावरून जातो!

राम राम मंडळी! परवा मुंबईला जाऊन आलो, एका म्युझियममध्ये बॉम्बे स्कूलवर दिवसभराचं चर्चासत्र होतं. धुरंधर, हळदणकर, त्रिंदाद, सगळ्या चित्रकारांवर लोक इतकं मनापासून बोलले की जेवायच्या सुट्टीतपण कोणी जागचं उठेना. पण अजिंठ्यावर एक स्लाइड, एकच, आणि तीपण घाईघाईत पुढे सरकवली. जळगावहून एवढं लांब गेलेल्या माणसाला ते लागतं हो, म्हणून आज हा व्हिडिओ.

आधी पटकन, बॉम्बे स्कूल म्हणजे काय? मुंबईत 1857 साली जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं, तिथे समोर मॉडेल बसवून, छायाप्रकाश बघून, ऑइल आणि वॉटरकलरमध्ये काम करायला शिकवायचे, त्यातनं जी चित्रकारांची परंपरा उभी राहिली ती बॉम्बे स्कूल. आता याच जे. जे. मध्ये जॉन ग्रिफिथ्स म्हणून मास्तर होते, त्यांनी 1872 ते 1885 या काळात आपल्या विद्यार्थ्यांना अजिंठ्याला आणून भिंतीवरच्या चित्रांच्या कॉप्या करून घेतल्या, जवळपास 300 कॅनव्हास! चित्रकार पेस्तनजी बोमनजी त्याच पोरांपैकी.

आणि तेव्हा अजिंठ्याला यायचं कसं, तर रेल्वेने पाचोऱ्याला उतरायचं आणि तिथून बैलगाडीने लेण्यांजवळचं फर्दापूर गाव. पीजे, म्हणजे पाचोरा-जामनेर रेल्वे तर फार नंतरची. लेणी तेव्हा निजामाच्या हद्दीत, आजही जिल्हा आपला नाही, पण मुंबईहून येणारा माणूस खान्देशची धूळ अंगावर घेतल्याशिवाय तिथे पोचत नव्हता.

तिथे त्या पोरांना काय दिसलं असेल? तुम्ही गेलात तर जिथे रंगाचा पापुद्रा उडालाय ना, तिथे नीट बघा, आत मातीचा गिलावा दिसतो, त्यात भाताचं तूस, गवताच्या काड्या, शेण, म्हणजे आपल्या आजीच्या घराची भिंत जशी असायची अगदी तशी. त्याच्यावर चुन्याचा पातळ हात आणि मग रंग. गेरू, काजळी, हिरवी माती, हे जवळपासचंच, पण निळा रंग लाजवर्द नावाच्या दगडाचा, तो पार अफगाणिस्तानातनं यायचा. वर्गात सावली देऊन हात गोल करायला शिकलेला पोरगा इथे बघतो की नुसत्या एका रेषेने बोट वळलंय, नखापर्यंत. माझ्या मते खरा धडा तोच होता! पुढे 1919 मध्ये ग्लॅडस्टन सॉलोमन जे. जे. चे प्रमुख झाले, त्यांनी भित्तिचित्रांचा वर्ग काढला, त्यांच्या विद्यार्थ्यांनी दिल्लीच्या सचिवालयाच्या भिंती रंगवल्या, त्या कामात ही अजिंठ्याची रेष स्वच्छ दिसते.

पण मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. ग्रिफिथ्सच्या आधी रॉबर्ट गिल नावाच्या मद्रास आर्मीतल्या अधिकाऱ्याने 1844 पासून वर्षानुवर्षं इथे राहून कॉप्या केल्या, त्या लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या आणि 1866 च्या आगीत त्यातल्या बहुतेक जळाल्या. मग ग्रिफिथ्सच्या पोरांनी पुन्हा पहिल्यापासून काम केलं, तेपण लंडनला गेलं, आणि 1885 मध्ये साउथ केन्सिंग्टनला परत आग! कितीतरी कॅनव्हास गेले, उरलेले तिथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. आणि हेही सांगायलाच पाहिजे, कॉपी करताना चित्र उठून दिसावं म्हणून या लोकांनी मूळ भिंतीवर व्हार्निश मारलं, ते पिवळं पडलं, 1920 नंतर निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी वरून लाखेचा थर दिला, तोही काळवंडला, आणि तो काढायचं काम पुरातत्त्व खात्याला पुढे कितीतरी वर्षं पुरलं. प्रेमापोटी केलेलं नुकसान आहे ते, पण नुकसानच.

तो गिल 1879 मध्ये गेला. त्याची कबर कुठे आहे माहितीये? भुसावळला. आपल्या भुसावळला! त्या सभागृहात मी हे उठून सांगितलं, तर शेजारचे दोघं मला विचारायला लागले, भुसावळ स्टेशनवरून किती लांब आहे हो? पुढच्या रविवारी मी कॅमेरा घेऊन तिथेच जातोय, जळगाव-भुसावळवाल्यांनी कोणाला यायचं असेल तर कमेंटमध्ये सांगा, सकाळच्या पॅसेंजरने निघू.