पाय डोक्यावर नेणं हे फक्त पोरींचं काम? फिगर स्केटिंगमधली लवचिकता, गुण आणि गैरसमज

[कॅमेरा रिंकच्या कठड्यापाशी. हातात क्वाड, म्हणजे चार चाकांच्या, स्केटची जोडी.]

नमस्कार मंडळी. बेळगावला लिंबो स्केटिंग नवं नाही. पाय दोन्ही बाजूंना पार फाकवून, हनुवटी जमिनीला टेकायच्या बेतात आणून पोरगा उभ्या गाडीखालून पलीकडे निघाला की टिळकवाडीत काय, शहापुरात काय, टाळ्यांचा कडकडाट. तोच पोरगा आर्टिस्टिकच्या, म्हणजे चाकांवरच्या फिगर स्केटिंगच्या, सरावात मागचा पाय उचलून डोक्याकडे न्यायला लागला, की कठड्यावरून आवाज येतो, "अरे, ते पोरींचं हाय की!"

जांघेचा सांधा तोच, स्नायू तेच. एकाला धाडस म्हणायचं आणि दुसऱ्याला नखरा. मल्लखांबातही पूर्वापार अशीच वाटणी होती, खांब मुलांचा आणि दोरी मुलींची. फिगर स्केटिंगमध्ये मात्र ही वाटणी बराच काळ नियमांतच लिहिलेली होती. ती बघू, आणि मग घरच्या सतरंजीवर काय करायचं तेही बघू.

[स्क्रीनवर: बिलमन स्पिनचं रेखाचित्र]

हा बिलमन स्पिन. स्वित्झर्लंडची डेनिस बिलमन 1981 ची जगज्जेती, तिच्यावरून हे नाव पडलं. तिच्याआधीही काहींनी तो केला होता, पण गाजवला तिनं. एका पायावर गिरकी घेत असताना दुसरा पाय पाठीमागून वर ओढायचा आणि बर्फावरच्या बुटाचं पातं डोक्याच्या वर हातांनी धरायचं.

आता यात वाकतं काय ते नीट बघा, कारण सगळी गोम इथं आहे. मांडी सरळ मागे जाते ती साधारण 10 ते 30 अंश, बस्स. सांध्यापुढचे जाड बंध तिला त्यापुढे जाऊ देत नाहीत. मग उरलेला वाक कुठून येतो? थोडा ओटीपोटाचं हाड पुढे कलून, थोडा मांडी बाहेर वळवून, बराचसा पाठीतून आणि खांद्यांतून. बरगड्यांच्या मागची पाठ आणि खांदे आखडलेले असतील तर तो सगळा भार कंबरेवर येतो. वाढत्या वयात असा वाक रोज पन्नासदा झाला, की कंबरेच्या मणक्याच्या मागच्या बारीक हाडाला ताणाची चीर पडू शकते. तिला स्पॉन्डिलोलायसिस म्हणतात, आणि बहुतेक वेळा ती कंबरेच्या पाचव्या, म्हणजे सगळ्यात खालच्या मणक्यात सापडते.

ओळखायचं कसं? एका पायावर उभं राहून मागे वाकलं की कंबरेत एकाच बाजूला दुखतं, आणि पुढे वाकलं की बरं वाटतं. असं असेल तर ताण देणं त्याच दिवशी बंद करून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. सुरुवातीची चीर साध्या एक्स-रेत दिसत नाही, एमआरआय करावा लागू शकतो. "पोरगी लवचिक आहे, तिला काय होतंय" हे वाक्य मला सगळ्यात महाग पडणारं वाटतं. लवचिक मुलीलाच जास्त वाकवलं जातं, म्हणून धोकाही तिलाच जास्त.

[कॅमेरा जवळ]

आता नियम, बर्फावरच्या फिगर स्केटिंगचे. मार्क देण्याची जुनी 6.0 ची, म्हणजे सहापैकी मार्कांची, पद्धत 2002 च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमधल्या वादानंतर मोडीत निघाली आणि प्रत्येक घटकाचे वेगळे गुण आले. त्या नव्या पद्धतीतही महिलांच्या शॉर्ट प्रोग्रॅममध्ये, म्हणजे स्पर्धेतल्या छोट्या सादरीकरणात, स्पायरल सीक्वेन्स सक्तीचा होता, म्हणजे पाय कमरेच्या वर धरून लांब घसरत जायचं. पुरुषांना त्याऐवजी एक जादा स्टेप सीक्वेन्स, म्हणजे पावलांची सलग मालिका. थोडक्यात, मुलीनं पाय दाखवायचा आणि मुलानं पायांचं काम! ही सक्ती नंतर गेली, पण शिकवणाऱ्यांच्या अंगात भिनलेली सवय लगेच जात नाही.

कपड्यांचंही तसंच. महिलांना पँट घालून उतरायची परवानगी 2004 मध्ये मिळाली. फ्री स्केट, म्हणजे दुसरं लांब सादरीकरण, आधी पुरुषांचा साडेचार मिनिटांचा आणि महिलांचा चार मिनिटांचा होता. 2018 पासून दोघांचाही चार मिनिटांचा. सादरीकरणाच्या गुणांचा गुणक मात्र अजून वेगळा आहे. 2022 पासून फ्री स्केटमध्ये पुरुषांना 3.33 आणि महिलांना 2.67, म्हणजे त्या भागात त्याचे कमाल गुण जवळजवळ 100 आणि तिचे 80. पुरुषांच्या उड्यांचे गुण जास्त होतात, त्यांच्या प्रमाणात हा भाग ठेवायचा, असं त्यामागचं गणित सांगतात. मला ते पटत नाही, पण आहे असं.

मुलांनी हे केलंच नाही म्हणावं, तर तेही खरं नाही. एवगेनी प्लुशेन्को पोरवयात बिलमन करायचा आणि पुढे 2006 ला ऑलिंपिक सुवर्ण घेऊन गेला. युझुरू हान्यूनंही सुरुवातीच्या वर्षांत तो केला, नंतर दोन ऑलिंपिक सुवर्णं. अमेरिकेच्या जेसन ब्राउनचं स्पायरल बघा, पाय बघून हा पुरुष गट आहे हे विसराल. आणि 1976 चा ऑलिंपिक विजेता जॉन करी, त्याला वडिलांनी नाच शिकू दिला नाही, स्केटिंग चालेल म्हणाले, कारण तो "खेळ" होता. मग त्यानं नाच बर्फावर नेला.

निसर्गाचा भाग आहे का? थोडा आहे. मुलींचे सांधे सरासरीनं जरा सैल असतात. उंची झपाट्यानं वाढते त्या वर्षांत हाडं पुढे पळतात आणि स्नायू मागे राहतात, म्हणून तेरा-चौदाचा मुलगा अचानक आखडतो. पण सरावात मुलींना अर्धा तास स्प्लिट आणि मुलांना अर्धा तास उठाबशा असा बेत चार वर्षं चालवला, की मग दिसतो तो फरक कुणाचा?

यात मुलांचं नुकसान किती, आकडा सांगतो. बर्फावरच्या गुणांच्या तक्त्यात डबल ॲक्सेलची, म्हणजे पुढे तोंड करून मारलेल्या अडीच फेऱ्यांच्या उडीची, मूळ किंमत 3.3. पाय बदलून केलेला लेव्हल 4 चा, म्हणजे सगळ्यात अवघड दर्जाचा, कॉम्बिनेशन स्पिन (एकाच गिरकीत अनेक स्थिती) 3.5. तोच लेव्हल 2 चा झाला तर 2.5. ॲक्सेलसाठी दोन वर्षं आपटून घेणारा मुलगा स्पिनमधला एक पूर्ण गुण असाच सोडून येतो. चाकांवरच्या स्केटिंगला गुणांची रोलआर्ट पद्धत आहे, तिथले आकडे वेगळे, पण स्पिनची स्थिती नीट नसेल तर गुण जातात ते तिथंही.

[सतरंजीवर. कॅमेरा बाजूनं]

निपाणी-खानापूरकडून आठवड्याला दोनच दिवस रिंकवर येणाऱ्यांनी हे घरी करावं. मुलगा असो वा मुलगी, एकच.

आधी चाचणी. भिंतीला एक हात लावून उभे राहा, दुसऱ्या पायाचा घोटा हातानं धरून मागे जितका वर जाईल तितका न्या, मग हात सोडा. पाय किती खाली पडला? एक वीतभर पडला तर ठीक. गुडघ्यापर्यंत कोसळला, तर तुमच्याकडे ओढून आणलेली लवचिकता आहे, ताकद नाही. त्या पायावर चाकं बांधून फिरलात की कॅमल स्पिनमध्ये, म्हणजे पाय मागे आडवा धरून घेतलेल्या गिरकीत, गुडघा कमरेखाली येणार आणि स्थिती मोजलीच जाणार नाही. स्थिती धरायला सलग दोन फेऱ्या लागतात, लक्षात ठेवा.

उड्यांच्या आधी पाय पुढे-मागे झुलवणं, प्रत्येकी 10-12 वेळा. एकच स्नायू मिनिटभराहून जास्त ताणून लगेच उडी मारायला गेलात तर उडीचा जोर कमी होतो, म्हणून लांब ताण सरावानंतर. एक गुडघा जमिनीवर, दुसरा पाय पुढे, आणि आधी शेपटीचं हाड आत दुमडायचं. हे विसरलं की सगळे कंबर वाकवतात आणि जांघ तशीच राहते. 30 सेकंद, तीनदा. मग टॉवेलची घट्ट गुंडाळी खांद्यांच्या पात्यांखाली आडवी ठेवून पाठ टाकायची, कंबरेखाली कधीच नाही. शेवटी हात न लावता पाय मागे उचलून 5 सेकंद धरणं, पाच वेळा.

[स्केट उचलून दाखवत]

बिलमनचा क्रम: अनवाणी, मग कठड्याला धरून स्केटसह, मग सरळ रेषेत घसरत, मग स्पिन. आणि हात इथं, चाकांमधल्या धातूच्या प्लेटला किंवा बुटाच्या तळाला. चाक धरलं तर ते बोटांत फिरतं, पाय निसटतो आणि तोंडावर पडायला होतं.

मुलांच्या पालकांसाठी एक. पाय वर जात नाही अशी तक्रार असेल तर आधी पँट तपासा. मुलांना बहुतेक साध्या कापडाची पँट शिवतात, पाय कमरेपर्यंत आला की जांघेत शिवण अडते किंवा फाटते. टेलरला चारही बाजूंनी ताणणारं लायक्रा द्या, आणि दोन पायांच्या जोडावर हाताच्या पंज्याएवढा चौकोनी जादा तुकडा तिरका बसवायला सांगा. घेताना तिथंच दुकानात पोराला पाय उचलायला लावा, मग पैसे द्या.