ढेरीवाला टीव्ही आणि माशाच्या नसा

नमस्कार मंडळी, कसे आहात? मागे ढेरी असलेला तो जुना टीव्ही आठवतोय का, ज्याच्यावर आई क्रोशाचा रुमाल टाकायची? तसल्या टीव्हीच्या प्लास्टिकने पटकन पेट घेऊ नये म्हणून कंपन्या त्यात ब्रोमिनवाली रसायनं घालायच्या, पीबीडीई म्हणतात त्यांना, सोफ्याच्या फोममध्येपण तीच. हेतू चांगलाच होता हो. पण गोची अशी की ती प्लास्टिकला घट्ट चिकटलेली नसतात, नुसती मिसळलेली असतात, मग हळूहळू सुटतात, घरातल्या धुळीत बसतात, फरशी पुसली की बादलीतून गटारात, तिथून नदीत आणि शेवटी माशाच्या चरबीत. स्वीडनमधल्या व्हिस्कान नदीकाठी कापडाचे कारखाने होते, तिथल्या माशांत हे १९८१ मध्येच सापडलं होतं.

मग मासे मेले का? नाही ना, तीच तर भानगड आहे. मेले असते तर फोटो आले असते, बोंबाबोंब झाली असती.

नेमकं बिघडतं काय ते झेब्राफिशने दाखवलं. अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात निळ्या पट्ट्यांचा, बोटाच्या दोन पेरांएवढा चपळ मासा असतो बघा, तोच. मूळचा आपल्याकडचाच, गंगेच्या खोऱ्यातला, आता जगभरच्या लॅबमध्ये पोचलाय, मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेतसुद्धा. याचं अंडं काचेसारखं. मायक्रोस्कोपखाली धरलं तर एका दिवसात धडधडणारं हृदय दिसतं, तिसऱ्या दिवसापर्यंत पिल्लू बाहेर, पाचव्या दिवशी साहेब पोहायला लागलेले. अशी अंडी बीडीई-४७ नावाच्या पीबीडीईच्या पाण्यात वाढवली तर मणक्यातून स्नायूंकडे जाणाऱ्या नसांची वाढ खुंटते. पिल्लू दिसायला बरंच असतं पण शेपटीला हलकेच टोचलं की जे सुळकन पळायला हवं ते पळत नाही, रेंगाळतं. लॅबमध्ये ठीक आहे, नदीत बगळा उभा असतो.

एक कारण थायरॉइडचं. मेंदू घडायला थायरॉइडचं हार्मोन लागतं आणि त्यात असतं आयोडीन, पीबीडीईची ठेवण बरीचशी तशीच, फक्त आयोडीनच्या जागी ब्रोमिन, म्हणजे भाऊसाहेबांचा तोतयाच म्हणा ना, चेहरा तोच आणि दरबारात गोंधळ.

आता खरं सांगायचं तर लॅबमधला डोस नदीतल्यापेक्षा बरेचदा खूप जास्त असतो, हे लपवायचं कशाला. पण नदीतली मादी हे वर्षभर अंगात साठवते आणि अंड्यातल्या बलकातून पिल्लाला देते, म्हणजे पिल्लाची सुरुवातच तिथून. अजून एक गंमत, पीबीडीईतलाच डेका नावाचा मोठा रेणू शरीरात फारसा शोषला जात नाही म्हणून बरा असं म्हणायचे, तर कार्प माशांच्या शरीरात त्याचे ब्रोमिन छाटले जाऊन लहान रेणू तयार होतात असं निघालं. घ्या!

घातक, टिकाऊ रसायनांवर बंदी आणणाऱ्या स्टॉकहोम या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत पेंटा आणि ऑक्टा हे पीबीडीईचे दुसरे प्रकार २००९ मध्ये आले, डेकाला २०१७ उजाडलं. दरम्यान फोमवाले फॉस्फेटवाल्या रसायनांकडे वळले, त्यातलं टीडीसीपीपी तर अमेरिकेत सत्तरच्या दशकात लहान मुलांच्या रात्रीच्या कपड्यांतून काढलेलं, तेच सोफ्यात आलं. आता त्याच्यासाठी झेब्राफिशची अंडी परत मायक्रोस्कोपखाली गेलीयेत, आणि त्या पिल्लांचंही पोहणं बिघडलेलंच दिसतंय.