गोल काळा करायचा राहिला

नमस्कार श्रोतेहो.

अमेरिकेतल्या महापौराच्या निवडणुकीबद्दल बोलायचं म्हटलं की सगळ्यांच्या तोंडी पहिलं नाव येतं न्यूयॉर्कचं. २०२५ साली जोहरान ममदानी तिथे निवडून आले, तेव्हा चित्रपट दिग्दर्शिका मीरा नायर यांचे चिरंजीव म्हणून आपल्याकडेही चहाच्या टेबलावर चर्चा रंगल्या. न्यूयॉर्कबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत, त्यांनी बोलावं. मी आज सांगणार आहे ती सॅन डिएगोची निवडणूक, साल २००४. ही गोष्ट मी संधी मिळेल तिथे सांगत आलो आहे, त्यामुळे आमच्या घरच्या मंडळींनी रेडिओचा आवाज आत्ताच कमी केला असेल.

सॅन डिएगो म्हणजे कॅलिफोर्नियाचं दक्षिण टोक. मेक्सिकोची हद्द जवळच, मोठा नौदल तळ, लांबच लांब समुद्रकिनारा आणि तेव्हा बारा-तेरा लाख वस्ती. आपल्याकडे नगरसेवक महापौर निवडतात आणि कारभाराच्या किल्ल्या आयुक्तांच्या कमरेला असतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. तिथे महापौराला लोक थेट निवडतात. किल्ल्या मात्र तेव्हा सॅन डिएगोतही एका नेमलेल्या अधिकाऱ्याकडेच होत्या, त्याला सिटी मॅनेजर म्हणत. मतपत्रिकेवर उमेदवाराचा पक्ष छापत नाहीत. मार्चमध्ये पहिली फेरी झाली. कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नाहीत, म्हणून पहिले दोघे नोव्हेंबरच्या अंतिम फेरीत गेले. एक होते त्या वेळचे महापौर डिक मर्फी, पूर्वाश्रमीचे न्यायाधीश. दुसरे रॉन रॉबर्ट्स, काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, मंडळाचे सदस्य. दोघेही रिपब्लिकन.

शहराची अवस्था काय होती? कर्मचाऱ्यांच्या पेन्शन फंडात एक अब्ज डॉलरहून मोठं भगदाड पडलं होतं. झालं होतं असं, की महापालिकेने फंडात भरायचे पैसे कमी भरले आणि त्याच वेळी पेन्शनचे फायदे वाढवून दिले. आज टाळ्या, उद्या बिल. न्यूयॉर्क टाइम्सने त्या सप्टेंबरात लिहिलं, की या शहराकडे लोक आता समुद्रकाठचं एनरॉन म्हणून पाहायला लागले आहेत. एनरॉन म्हणजे हिशेबातल्या लबाडीने बुडालेली अमेरिकी वीज कंपनी. आता समुद्रकाठचं एनरॉन म्हणाल तर ते खरोखर आपल्याकडेच होतं, गुहागर तालुक्यात, तिचा दाभोळचा वीजप्रकल्प! असो, दाभोळवर मी सुरू झालो तर आजची वेळ त्यातच जाईल.

या पेन्शनच्या कराराला २००२ साली नगर परिषदेत एकाच सदस्याने विरोध केला होता. एकीनेच. त्या डॉना फ्राय. आणि इथून माझी गोष्ट सुरू होते.

डॉना फ्राय म्हणजे लाटांवर फळी घेऊन स्वार होणाऱ्या मंडळींमधल्या. नवरा स्किप फ्राय, सर्फबोर्ड बनवणारा नावाजलेला कारागीर; हाताने फळी घासून आकार देणारा. दोघांचं दुकान. पावसाचं पाणी गटारांतून थेट समुद्रात जायचं आणि लाटांवर खेळणारी माणसं आजारी पडायची, त्यावरून बाई भांडायला उभ्या राहिल्या आणि भांडता भांडता २००१ मध्ये नगरसेविका झाल्या. माझं एक जुनं मत आहे : समुद्राबद्दल बोलायचा अधिकार रोज पाण्यात उतरणाऱ्याला आधी द्यावा, किनाऱ्यावर बंगला बांधणाऱ्याला नंतर. हे अलिबागलाही लागू आहे, पण तो आजचा विषय नाही.

तर निवडणूक पाच आठवड्यांवर आलेली. मतपत्रिकेवर दोन नावं छापलेली, मर्फी आणि रॉबर्ट्स. आणि डॉना फ्राय म्हणाल्या, मीही उभी राहते. उभी राहणार कशी? तर राइट-इन. तिकडे मतपत्रिकेवर छापील नावांच्या खाली एक रिकामी ओळ असते. छापलेले उमेदवार नको असतील, तर त्या ओळीवर तुम्ही आपल्या हाताने नाव लिहायचं. उमेदवाराने तशी रीतसर नोंदणी केलेली असली, की लिहिलेलं नाव हे मत. अशा उमेदवाराला बहुतेक वेळा मूठभर मतं पडतात. चिन्ह नाही, छापील नाव नाही. मतदाराने घरून नाव पाठ करून यायचं आणि केंद्रावर ते लिहायचं.

लोकांनी लिहिलं. हजारोंनी नाही, लाखाच्या वर लोकांनी लिहिलं.

तिघांना मिळून साडेचार लाखांहून अधिक मतं पडली. त्यातली लाखाच्या वर हातांनी लिहिलेली असल्यामुळे मोजणी आठवडेच्या आठवडे चालली. आपल्याकडे दुपारी बाराला गुलाल उधळून झालेला असतो आणि संध्याकाळी चॅनेलवाले पुढच्या निवडणुकीचं भाकीत सुरू करतात. मला विचाराल तर मोजणी सावकाशच व्हावी. आकडा दोन दिवस उशिरा आला म्हणून कुणाच्या घरची चूल बंद पडत नाही.

शेवटी निकाल लागला. मर्फी पहिले, फ्राय दुसऱ्या, रॉबर्ट्स तिसरे. मर्फी आणि फ्राय यांच्यात फरक किती? २,१०८ मतांचा. दोन हजार एकशे आठ. हा आकडा जरा लक्षात राहू द्या.

आता त्या रिकाम्या ओळीकडे परत चला. त्या ओळीच्या शेजारी एक लहानसा लंबगोल छापलेला होता. आपल्या मुलांना स्कॉलरशिपच्या परीक्षेत उत्तरपत्रिकेवर गोल काळे करावे लागतात ना, अगदी तसला. नाव लिहायचं आणि तो गोलही काळा करायचा. दोन्ही करायचं. (या गोलांबद्दल जाता जाता सांगतो, शाळकरी पोराचं निम्मं लक्ष उत्तरापेक्षा गोलाच्या कडेबाहेर पेन जाऊ नये यात अडकतं. ही परीक्षा बुद्धीची, की रंगकामाची?)

गोल कशासाठी? तर यंत्रासाठी. कागद यंत्रातून सरकतो, यंत्र फक्त काळे गोल बघतं. राइट-इनचा गोल काळा दिसला, की ती मतपत्रिका माणसांनी वाचायला बाजूला पडते. गोल कोराच असेल तर यंत्राच्या लेखी त्या मतदाराने महापौरासाठी मतच दिलेलं नाही. शेजारी ठसठशीत अक्षरात ‘डॉना फ्राय’ लिहिलेलं असलं तरी. आणि त्याच वर्षी मार्चमध्ये याच मतदारांनी टचस्क्रीन यंत्रांवर मतं दिली होती. ती यंत्रं त्या दिवशी अडली, अनेक केंद्रं उशिरा उघडली, राज्याने त्यांची मान्यता काढून घेतली आणि नोव्हेंबरात हातात कागद आला. एकाच वर्षात दोन तऱ्हा.

वर्तमानपत्रं आणि इतरांच्या मागणीवरून डिसेंबरात यंत्राने कोऱ्या ठरवलेल्या मतपत्रिका उघडून पाहिल्या गेल्या. आणि त्यात फ्राय यांचं नाव लिहिलेल्या, पण गोल कोरा राहिलेल्या मतपत्रिका किती निघाल्या? ५,५५१. पाच हजार पाचशे एकावन्न. फरक होता २,१०८ चा आणि न मोजलेली ५,५५१. मोजली असती तर बाई तीन हजार चारशेहून अधिक मतांनी महापौर होत्या.

पण मोजली नाहीत. कायद्यात लिहिलं होतं, की नावाशेजारची खूण हवीच. गंमत बघा, त्याच कायद्यात असंही होतं, की नावाचं स्पेलिंग थोडंफार चुकलं तरी चालेल. नाव चुकलेलं चालेल, गोल राहिलेला चालणार नाही. दावे कोर्टात गेले. नियम आधीपासून ठरलेला होता, सगळ्यांना सारखा होता, आणि तो टिकला. मर्फी महापौर राहिले.

माझं मत? ती मतं मोजायला हवी होती. माणसाने रिकाम्या ओळीवर उमेदवाराचं पूर्ण नाव लिहिल्यावर त्याला कोण हवं होतं याबद्दल शंका उरते कुठे? आपल्याकडे कागदी मतपत्रिकांसाठी नियम आहे, की शिक्का पुसट उमटला किंवा दोनदा पडला, तरी मतदाराचा इरादा स्पष्ट दिसत असेल तर तेवढ्याच कारणावरून मत बाद करायचं नाही. हा नियम मला आवडतो. त्याच्या उलट बाजूही आहे, तीही सांगतो. इरादा ओळखायचं काम अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडलं, की प्रत्येक टेबलावर वेगळा न्याय होतो, आणि फ्लोरिडात २००० साली अध्यक्षपदाच्या मतमोजणीत मतपत्रिकेच्या कागदात मतदारांनी पाडलेली अर्धवट भोकं भिंगातून बघत बसलेले अधिकारी साऱ्या जगाने पाहिले होते.

यंत्राचं आणि माणसाचं हे भांडण जुनं नाही झालेलं. न्यूयॉर्कमध्ये २०२१ साली महापौरपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक फेरीत एरिक अॅडम्स कॅथरीन गार्सिया यांच्यापुढे जेमतेम ७,१९७ मतांनी गेले. त्या मोजणीत मध्येच चाचणीसाठी घातलेली सुमारे १,३५,००० खोटी मतं काढायची राहून गेली होती. जाहीर केलेले आकडे मागे घ्यावे लागले.

सॅन डिएगोचं पुढचं थोडक्यात सांगतो, घड्याळ पुढे सरकलं आहे. मर्फी यांची दुसरी कारकीर्द काही महिन्यांचीच ठरली. एप्रिल २००५ मध्ये टाइम साप्ताहिकाने त्यांना देशातल्या तीन सर्वांत वाईट महापौरांत बसवलं आणि त्याच महिन्यात त्यांनी राजीनामा जाहीर केला. जुलैत ते पायउतार झाले. त्यांच्या जागी प्रभारी म्हणून आलेल्या नगरसेवकाला तीनच दिवसांत भ्रष्टाचाराच्या खटल्यात ज्यूरीने दोषी ठरवलं. पुढे काही वर्षांत ते त्या सगळ्या आरोपांतून सुटले, पण पद गेलं ते गेलंच. मग पोटनिवडणूक. डॉना फ्राय पहिल्या फेरीत ४३ टक्के मतं घेऊन सगळ्यांच्या पुढे. या वेळी त्यांचं नाव छापलेलं होतं, लिहायचं काही कारण नव्हतं. नोव्हेंबरच्या दुसऱ्या फेरीत मात्र माजी पोलीस प्रमुख जेरी सँडर्स यांनी सुमारे ५४ टक्के मतं घेऊन त्यांना हरवलं.

आणि सिटी मॅनेजरच्या कमरेच्या किल्ल्या? २००४ च्या त्याच मतपत्रिकेवर लोकांनी आणखी एक प्रस्ताव मंजूर केला होता, कारभाराचे अधिकार महापौराकडे देण्याचा. तो १ जानेवारी २००६ पासून लागू झाला. किल्ल्या सँडर्स यांच्या हाती पडल्या, आणि पेन्शन फंडातलं भगदाडही.

नमस्कार.