खटका वाजला, पुढे?

[दृश्य: टेबलावर जुना कॅसेट प्लेअर. बोट प्लेचं बटण दाबतं.]

खटका वाजला. गाणं नाही.

लगेच स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊ नका. आधी कान लावा. आतून बारीकशी घूं… ऐकू येते? म्हणजे मोटर फिरतेय. वीज पोचतेय. अर्धा शोध इथेच संपला.

अगदीच शांतता असेल, तर सेलचा कप्पा बघा. अल्कलाइन सेल वर्षानुवर्षं आत राहिले की गळतात आणि पत्र्यांवर पांढरा-हिरवा थर चढतो. कापसाच्या काडीने थोडं व्हिनेगर, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग पूर्ण वाळू देणं. कित्येक ‘मेलेले’ प्लेअर एवढ्यावर उठून बसतात.

[दृश्य: मागचं झाकण निघतं. आत काळा चिकट लगदा.]

मोटर फिरते, पण कॅसेट ढिम्म हलत नाही. मग गुन्हेगार बहुधा हा. हा लगदा म्हणजे एकेकाळचा रबरी पट्टा. 1979 साली सोनीचा पहिला वॉकमन जपानमध्ये विकायला आला, त्यातही मोटरची गती पुढे नेण्याचं काम रबराच्या पट्ट्याकडेच होतं. रबर म्हातारं होतं. काही सैल पडतं, काही तडकतं, आणि काही असं डांबरासारखं वितळतं. हे डांबर बोटाला लागलं की कपड्यांना, टेबलाला, चहाच्या कपाला, सगळीकडे पोचतं. हातमोजे घाला, हा सल्ला अनुभवाचा आहे.

आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुली अगदी कोरडी स्वच्छ होईपर्यंत पुसायची. खाचेत कणभर लगदा राहिला तरी नवा पट्टा प्रत्येक फेरीला उसळी घेतो. नव्याचं माप कसं काढायचं? जुना शाबूत नसेल तर पट्ट्याच्या वाटेने दोरा फिरवा, लांबी मोजा आणि त्याहून साधारण 5 टक्के आखूड पट्टा घ्या. फार घट्ट घेतला तर मोटरच्या बेअरिंगवर ताण येतो.

[ध्वनी: गाणं सुरू होतं, सूर लाटेसारखा हेलकावतो.]

आता वाजतंय, पण गायकाला जणू बोट लागलीय! फीत सेकंदाला 4.76 सेंटिमीटर सरकायला हवी, तीही एकसारखी. ते काम कॅप्स्टन नावाच्या बारीक दांड्याचं आणि त्याला टेकून फिरणाऱ्या रबरी पिंच रोलरचं. रोलरवर तपकिरी थर दिसतो ना? तो फितीवरून झडलेला ऑक्साइड, म्हणजे आवाज साठवणारी चुंबकीय भुकटी. तो पुसा. रबर काचेसारखं गुळगुळीत झालं असेल, तर मात्र पुसून भागत नाही, रोलर बदलावा लागतो.

आणि फीत आतच गुंतून कॅसेट ‘खाल्ली’ गेली, तर दोष बहुतेक वेळा गुंडाळणाऱ्या रिळाचा. कॅप्स्टन फीत पुढे ढकलतोय आणि ती आवरायला कुणी नाही. म्हणून पहिली चाचणी कधीही लाडक्या कॅसेटवर करू नका.

[दृश्य: हेडचा अगदी जवळून शॉट.]

शेवटची गोष्ट मला सगळ्यात आवडते. गाणं स्थिर आहे, पण आवाज उशीखालून आल्यासारखा. आधी हेड, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणारा भाग, पुसा. फरक पडला नाही, तर हेडशेजारचा हा इवला स्क्रू. फीत जेमतेम 3.81 मिलिमीटर रुंद, आणि तेवढ्यात दोन्ही बाजूंचे मिळून चार ट्रॅक. हेड केसभर तिरकं झालं तरी झांजांची किणकिण आधी हरवते. फितीशी असलेल्या हेडच्या या कोनाला ॲझिमथ म्हणतात.

स्क्रूची मूळ जागा पेनने खुणवा. डावा-उजवा दोन्ही चॅनेल मोनोत, म्हणजे एकत्र मिसळून ऐका, आणि स्क्रू फिरवा. पाव वळसासुद्धा खूप झाला.

[ध्वनी: दबलेला आवाज हळूहळू मोकळा होतो. झांज.]

इथे. आता हात काढा.