मंडळी आधी, इमारत मागाहून

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांची उपासना यहुदी सभास्थानातून आणि घरातून कशी घडली, हा आजचा विषय. त्याची सुरुवात एका वेढ्यापासून करतो. इ.स. २५६च्या सुमारास इराणच्या ससानी फौजेने सीरियातल्या दुरा-युरोपोस या रोमन ठाण्याला वेढा घातला. फरात नदीच्या काठावरचं हे तटबंदीचं गाव. पश्चिमेचा तट ढासळू नये म्हणून आतल्या शिबंदीने तटालगतच्या रस्त्यात आणि घरांत माती टाकून मोठा भराव घातला. गाव पडायचं ते पडलंच, पुढे ओसाडही झालं. पण भरावाखालची घरं भिंतींवरच्या चित्रांसकट सतराशे वर्षं जपली गेली. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला उत्खनन झालं, तेव्हा तटालगतच्या त्याच रस्त्यावर, वेशीच्या एका अंगाला यहुद्यांचं सभास्थान, म्हणजे सिनागॉग, आणि दुसऱ्या अंगाला ख्रिस्ती लोकांचं उपासनेचं घर निघालं.

सभास्थान ऐटबाज होतं. छतावरच्या लेखात इ.स. २४४-४५ हे साल आहे. चारी भिंती चित्रांनी भरलेल्या: नदीतून उचललेला तान्हा मोशे, यहेज्केल संदेष्ट्याची वाळलेल्या हाडांची दरी. यहुदी धर्मात चित्रं वर्ज्य, असं पुस्तकांत ठामपणे लिहिणाऱ्या विद्वानांची त्या भिंतींनी चांगलीच पंचाईत केली. ख्रिस्ती लोकांची जागा मात्र बाहेरून कुणाच्याही घरासारखी. दोन खोल्यांमधली भिंत पाडून साठ-सत्तर माणसं बसतील असं दालन केलेलं, एका टोकाला बुटका चौथरा, आणि अंगणापलीकडच्या खोलीत बाप्तिस्म्याचा हौद. त्या हौदावर मेंढपाळाचं चित्र, बाजूच्या भिंतीवर पाण्यावरून चालणारा येशू. ख्रिस्ती उपासनेची इतकी जुनी आणि खात्रीची दुसरी वास्तू आजवर सापडलेली नाही. येशूनंतर दोनशे वर्षांनी ही परिस्थिती! मनोरा नाही, घंटा नाही.

मग या लोकांना उपासनेचा साचा मिळाला कुठून? अनेकांना वाटतं, यरुशलेमच्या मंदिरातून. मला ते पटत नाही. मंदिर एकच होतं, ते यरुशलेमात. तिथे सकाळ-संध्याकाळ होमबली, म्हणजे वेदीवर जाळून अर्पण केलेला पशू, व्हायचा, आणि ते काम याजकांचं, म्हणजे पुरोहितांचं. सामान्य यहुद्याचा रोजचा धर्म दोन दुसऱ्या ठिकाणी चालायचा: सभास्थानात आणि घरातल्या जेवणाच्या जागी.

सभास्थानात काय चालायचं, याचा एक नामी पुरावा यरुशलेममध्येच सापडला. थिओडोटस नावाच्या माणसाचा ग्रीक शिलालेख. तो स्वतः याजक आणि सभास्थानाचा अधिकारी, बाप अधिकारी, आजा अधिकारी. तीन पिढ्यांचा हा मान तो आधी सांगून घेतो. मग सांगतो की ही वास्तू आपण नियमशास्त्राच्या (मोशेच्या धर्मग्रंथाच्या) वाचनासाठी आणि आज्ञांच्या शिकवणीसाठी बांधली, शिवाय परगावच्या गरजूंसाठी खोल्या आणि पाण्याची सोय केली. बहुतेक अभ्यासक हा लेख इ.स. ७० मध्ये मंदिर पडण्याच्या आधीचा मानतात. म्हणजे मंदिर त्याच शहरात उभं असताना लोकांना सभास्थान हवं होतं, आणि ते वाचायला, शिकायला, पाहुण्याला उतरवायला. होमबलीचा त्यात उल्लेखही नाही.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात नासरेथचा प्रसंग आहे. येशू वाचायला उभा राहतो, यशयाची गुंडाळी उलगडतो, वाचून झाल्यावर ती सेवकाच्या हाती परत देतो आणि खाली बसून बोलू लागतो. वाचन उभ्याने, शिकवण बसून. बायबलच्याच ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात ख्रिस्ती प्रचारक पौल पिसिदियातल्या अंत्युखियाला जातो, तेव्हा नियमशास्त्राचं आणि संदेष्ट्यांचं वाचन संपल्यावर अधिकारी निरोप पाठवतात: बंधूंनो, लोकांसाठी काही बोधवचन असेल तर सांगा. परक्या माणसाला बोलायला उठवण्याइतकी ही पद्धत मोकळी होती. पौलाने या मोकळीकीचा फायदा गावोगाव घेतला, आणि भांडणंही तिथूनच उद्भवली.

आता हे जस्टिन या ख्रिस्ती लेखकाच्या वर्णनाशेजारी ठेवून बघा. इ.स. १५५च्या सुमारास रोममध्ये बसून तो सम्राटाला समजावतो की आम्ही रविवारी काय करतो. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तितके वाचतात. प्रमुख बोध करतो. सगळे उठून प्रार्थना करतात. मग भाकर, द्राक्षारस आणि पाणी आणतात, प्रमुख उपकारस्तुती करतो, लोक ‘आमेन’ म्हणतात. जे आले नाहीत त्यांचा वाटा सेवक घरी पोचवतात. जमलेल्या पैशातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले, परगावचे यांची सोय होते. यातला पहिला भाग थिओडोटसला ओळखीचा वाटला असता. दुसरा भाग आला यहुदी घरातून, जिथे भाकर मोडताना आणि प्याला घेताना देवाची स्तुती केल्याशिवाय घास तोंडात जात नसे.

इथे कोकणची आठवण काढायला हवी. रायगडकडच्या बेने इस्राएलांना, म्हणजे तिथल्या यहुद्यांना, गावकरी ‘शनिवार तेली’ म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद. मुंबईत सामुएल दिवेकरांनी सभास्थान उभारलं ते १७९६ साली. त्याआधी कित्येक पिढ्या त्यांच्याकडे सभास्थान नव्हतं. शब्बाथ (शनिवारचा विसावा), सुंता, खाण्याचे नियम आणि ‘हे इस्राएला, ऐक’ ही शेमाची प्रार्थना, एवढ्यावर त्यांनी आपलं यहुदीपण टिकवलं. यहुदी उपासना घरात किती मुरलेली आहे, हे समजायला रोम-यरुशलेमपर्यंत जायचीही गरज नाही.

घरातली उपासना म्हणजे घरातले तंटेही आलेच. करिंथकरांना पौल लिहितो, तुम्ही प्रभुभोजनाला जमता, पण एक उपाशी राहतो आणि दुसरा झिंगतो. सधन यजमानाचे सोबती आधी जेवून मोकळे, आणि राबणारा माणूस काम आटोपून येतो तोवर ताटं रिकामी, असं चित्र अभ्यासक मांडतात. याकोबाच्या पत्रात तर सोन्याची अंगठी घातलेला माणूस आत येतो, त्याला मानाची जागा, आणि गरिबाला ‘तू तिथे उभा राहा’. गंमत म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या या बैठकीला याकोब ‘सिनागॉग’च, म्हणजे सभास्थानाचाच शब्द, म्हणतो.

पौलाचा आवडता ग्रीक शब्द ‘एक्लेसिया’, म्हणजे जमलेले लोक. मराठी बायबलमध्ये तो ‘मंडळी’ असा येतो आणि मला तो फार नेमका वाटतो. अक्विल्ला आणि प्रिस्का यांच्या घरी जमणारी मंडळी, असं पौल लिहितो. त्यातलं घर बदललं तरी मंडळी तीच राहते.

यहुदी आणि ख्रिस्ती उपासनेत वेगळेपण कधी आलं? एका दिवसात तर नाहीच. ‘दिदाखे’ नावाची जुनी ख्रिस्ती पुस्तिका आहे, पहिल्या शतकाच्या शेवटाची किंवा त्यानंतर थोड्याच काळाची. त्यात सांगितलंय: दांभिकांबरोबर (रोख यहुद्यांवर) उपास करू नका, ते सोमवारी आणि गुरुवारी करतात, तुम्ही बुधवारी आणि शुक्रवारी करा. उपास सोडा असं नाही, वार बदला! आणि प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणा. रोज ठरल्या वेळी प्रार्थना ही सवयही यहुदीच.

इ.स. ७० मध्ये टायटसच्या सैन्याने मंदिर जाळलं. होमबली थांबले. रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मशिक्षकांनी, प्रार्थनेच्या वेळा होमबलीच्या वेळांशी जोडल्या. ख्रिस्ती लोक म्हणू लागले, आमची स्तुती हाच यज्ञ. म्हणजे दोघांनीही मंदिराची भाषा ठेवली आणि मंदिराशिवाय जगायला शिकले. पुढे चौथ्या शतकात राजाश्रय आला तेव्हा ख्रिस्ती बाजूने पारडं फिरलं. टायर शहरात इ.स. ३१५च्या सुमारास नव्या चर्चचं समर्पण झालं, तेव्हा युसेबियस या ख्रिस्ती इतिहासकाराने भाषणात ते बांधणाऱ्या बिशपची यरुशलेमचं मंदिर बांधणाऱ्या शलमोन राजाशी तुलना केली. भाकरीच्या जागी वेदी, मंडळीच्या वडीलधाऱ्यांच्या जागी याजक, आणि ‘मंडळी’ हा शब्द हळूहळू दगडविटांना चिकटला. माझ्या मते यात कमावलं तेवढंच गमावलंही, पण तो वाद आज नको.

सामान्य माणसं मात्र बराच काळ दोन्हीकडे जात राहिली. इ.स. ३८६-८७ मध्ये सीरियातल्या अंत्युखियात जॉन क्रिसोस्टम हा ख्रिस्ती धर्मगुरू व्यासपीठावरून यहुद्यांवर अत्यंत विखारी तोंडसुख घेत होता. त्या प्रवचनांनी पुढे फार नुकसान केलं, तेव्हा त्यांची पाठराखण नको. पण तो इतका का चिडला होता? कारण त्याचेच श्रोते यहुदी सणांना सभास्थानात जात होते. तोच एक हकिगत सांगतो: एक ख्रिस्ती माणूस एका बाईला शपथ घ्यायला सभास्थानात ओढून नेत होता. का, असं विचारल्यावर म्हणाला, तिथल्या शपथेचा धाक जास्त असतो, असं बऱ्याच जणांनी मला सांगितलंय.

एक चिठ्ठी आली आहे: या सगळ्यात बायका कुठे होत्या? उत्तर छोटं देतो. पौल किंख्रियाच्या मंडळीतल्या फीबीला ‘डायाकोनोस’ म्हणतो, म्हणजे सेवकपदाचाच शब्द, आणि कलस्सैकरांच्या पत्रात नुंफाच्या घरी मंडळी जमते. यहुदी बाजूला स्मर्ना शहरातला एक शिलालेख आहे. रुफिना नावाची यहुदी बाई, पदवी ‘सभास्थानाची प्रमुख’. तिने आपल्या मुक्त केलेल्या आणि घरात वाढलेल्या दासांसाठी कबर बांधली, आणि तिथे दुसऱ्या कुणाला पुरलं तर सरकारी खजिन्यात १५०० दिनार व यहुदी समाजाला १००० दिनार दंड ठेवला. ही पदवी नुसती मानाची होती, असं पूर्वीचे अभ्यासक म्हणत. त्याच पदवीच्या पुरुषांबद्दल मात्र त्यांना तशी शंका आली नाही.